बटन बंद होतं

१

न्हाणीच्या दारावर लाल ऑइलपेंटने लिहिलं होतं : ‘आधी बटन बंद, मग नळ.’

अक्षर फिरोज मिस्त्रीचं. तलवाड्यात ज्याच्या घरी तो गिझर बसवी, त्याच्या न्हाणीच्या दारावर ही ओळ रंगवून देई, कुणी नको म्हटलं तरी. गाव त्यावरून त्याची थट्टा करायचं. फिरोजभाईच्या लग्नपत्रिकेवरसुद्धा हेच छापलं होतं म्हणे, असं पारावरची मंडळी सांगत. आता कुणी हसत नव्हतं. त्याच दाराआड, थंडीच्या दिवसांतल्या एका पहाटे, सुंदरराव, गावाचे आबा, करंट लागून गेले होते. शेळ्यामेंढ्यांचा मोठा कळप राखणारा, साठी उलटलेला दणकट माणूस. त्याने नळाला हात लावला आणि तो तिथेच कोसळला.

विजेने माणूस दगावला की विद्युत निरीक्षकाला यावं लागतं, म्हणून ऋतुजा बीडहून आली होती. तिला बसायला खुर्ची दिली होती, पण ती बसत नव्हती. दारापासून बटनापर्यंत आणि बटनापासून दारापर्यंत तिच्या येरझारा चालू होत्या. एखादी गोष्ट उलगडली नाही की तिच्या पायांना चैन पडत नसे, आणि घरच्यांना तिच्या या खोडीचा फार वैताग येई.

“म्याडम, केस सरळ हाय,” मफलर सावरत हवालदार विठ्ठलराव म्हणाले. ते न्हाणीपासून चांगले चार हात लांब उभे होते. “गिझर खराब, मिस्त्री कच्चा. तुमी तसं लिवून द्या. फौजदारसाहेब आज सांजच्याला फिरोजला अटक दाखिवनार हायेत.”

“गिझर मी उघडून पाहिला, विठ्ठलराव. कॉइल चांगली आहे. थर्मोस्टॅट चांगला आहे. टाकीतून थेंब गळत नाही. त्यातून करंट उतरलाच नाही.”

“मंग आबा मेले कशानं?”

उंबऱ्यात बसलेल्या ताराबाईंनी तोंडावरचा पदर बाजूला केला. त्या सुंदररावांच्या पत्नी; घटना घडल्यापासून एकाच गोष्टीखेरीज काही बोलल्या नव्हत्या.

“मी किती डाव सांगितलं, कुनी आयकंना,” त्या म्हणाल्या. “बटन बंद व्हतं. ह्येंनी माझ्या म्होरं बंद केलं. लाल लाईट इझली, मंगच आत गेले.”

ऋतुजाचे पाय थांबले. बटन बंद असेल तर गिझर म्हणजे भिंतीला टांगलेली पाण्याची टाकी, दुसरं काही नाही. आणि टाकी कुणाचा जीव घेत नाही.

२

फिरोजच्या दुकानाचं शटर खाली होतं आणि शटरसमोर गिझर पडले होते. लोकांनी आपापल्या घरचे उपटून आणून टाकले होते. गावात पुन्हा बंब पेटले होते, त्यांचा धूर गल्लीत कोंडला होता. एवढ्या वर्षांचा धंदा लोकांनी असा एका झटक्यात रस्त्यावर फेकलेला पाहून ऋतुजाला वाईट वाटलं.

ठाण्याच्या पायरीवर फिरोजची बायको सायरा जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. ऋतुजाला बघताच ती उठली आणि तिच्यामागे आत आली. फिरोज आत बाकावर होता. त्याची दाढी वाढली होती आणि डोळे तांबारले होते.

“म्याडम, त्या घराला अर्थिंगच नव्हतं,” तो म्हणाला. “मी आबाला साफ सांगितलं, अर्थिंग न्हाई तर गिझर न्हाई. मंग लिंबाच्या झाडाखाली खड्डा केला, मीठ-कोळसा भरला, पाइप गाडला. तिथून हिरवी तार थेट गिझरला नेली. मीटरपाशी ईएलसीबी बसवलं. आता तुमीच सांगा, अजून काय करायचं राहिलं?”

ईएलसीबी म्हणजे, करंट भलतीकडे गळायला लागला की क्षणात पडून सगळी लाईट तोडणारं बटन. ते जागेवर असतं तर सुंदरराव आज शेळ्यांमागे हिंडत असते.

“फिरोजभाई, ते बटन तिथं नाही. कुणीतरी काढलंय. वायरी सरळ जोडून वर काळी टेप गुंडाळली आहे.”

फिरोज तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

“आबा रोज माझ्या दुकानात बसायचे,” तो म्हणाला. “सकाळचा चहा माझा, सांजंचा त्येंचा. लोक म्हनतेत मी मारलं. रात्रंदिवस डोकं खातोय म्याडम, माझं कुठं काय चुकलं? कुठंतरी चुकलंच असंल ना?”

“अजून मला तसं दिसलं नाही.”

“मंग लवकर बघा,” मागून सायरा म्हणाली. तिने हातातला डबा बाकावर ठेवला. “एकदा आत गेले की भाईर आल्यावर बी कुनी ह्येंच्या हातनं साधा दिवा बसवून घ्यायचं न्हाई.”

३

सुंदररावांच्या घरी ऋतुजा परतली तेव्हा त्यांचा मुलगा अंगद अंगणातच भेटला. तिशीतला, डोकं नुकतंच भादरलेलं, आवाज चढा.

“काय ठरलं? कवा धरताय त्याला?”

“ईएलसीबी कोणी काढलं?”

“आबांनीच. घडीघडीला पडायचं ते. मिस्त्रीनं मालच हलका बसवलता.”

“कधीपासून पडायला लागलं?”

अंगदने खांदे उडवले. उत्तर ताराबाईंनी दिलं. “शेळ्या व्याल्या तवापसनं. करडं गारठाय लागली म्हनून ह्येंनी गोठ्यात शंभरचा दिवा लावला. त्या दिसापसून घरात सारखा अंधार. मंग ह्येंनीच ते बटन काढून टाकलं. लेकरावानी जीव व्हता करडांवर.”

ऋतुजाने हे मनात ठेवलं. दिवा लावला की बटन पडतं, हे साध्या वायरिंगचं लक्षण नव्हे.

“मावशी, त्या पहाटेचं सांगा. कोण कुठं होतं?”

“रोज पयली अंघोळ बबिताची असती. आमच्यात सून न्हायल्याबिगर चुलीला हात लावत न्हाई. ती उठती, गिझर लावती, बटन बंद करून आत जाती. रोजचंच हाय ते. पन आदल्या सांजंला हैदर जीपवाला आलता. म्हनला, आबा, सकाळी कपिलधारला दर्शनाला जीप चाललीय, येता का. हे लगेच तयार झाले. पहाटं बबिता म्हनली, मामा, तुमी आधी न्हाऊन घ्या, मी तवर करडं बघती.” त्यांनी पदराने नाक पुसलं. “ह्यो अंगद राती तेलगावलाच व्हता. कारखान्यावर काम असतंय म्हनतो. आबा लई बोलायचे त्याला त्यावरून.”

“तो कधी आला?”

“मी वरडले तवा बांधावरनं पळत आला.”

अंगदने चप्पल घातली आणि तो मेंढ्यांकडे निघून गेला.

शेजारच्या रानातला हरिओम हा सुंदररावांचा पुतण्या. बांधावरून दोन्ही घरांचं वाकडं होतं, त्यामुळे फिरोजनंतर पोलिसांचा डोळा त्याच्यावर होता. हवालदारांनी बोलावल्यावर तो आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

“भांडान हाय, न्हाई कावून म्हनू? चार बायाबापड्यांम्होरं शिव्या दिल्यात आबाला. पन चुलता व्हता माझा. वरडा ऐकला आन् पळत आलो.”

“तेव्हा काय दिसलं?”

“समदी मानसं न्हाणीपाशी गोळा झालती. अंगद तेवढा नव्हता तिथं. तो जरा येळानं लिंबाखाली दिसला. बाप मेला म्हनल्यावर पोरगं बधिर झालं व्हतं, मातीत दोनी हात खुपसून बसलं व्हतं. मी लांबूनच माघारी फिरलो. रडनाऱ्याशी काय बोलायचं?”

ऋतुजाने लिंबाकडे पाहिलं. फिरोजने अर्थिंगचा पाइप गाडला होता तो तिथेच.

४

गोठ्यात दिवसाउजेडी पिवळा दिवा जळत होता. त्याच्याखाली करडं एकमेकांना चिकटून पडली होती. सुंदररावांची सून बबिता बाटलीने एकाला दूध पाजत होती. अंगाने किरकोळ, बोलायला संकोची. करडू ढुशा देत होतं आणि ती त्याला पुन्हा पुन्हा जवळ ओढत होती.

ऋतुजा दिव्याची वायर बोटाने हवेतच आखत निघाली. एक वायर घरातून आली होती. दुसरी मात्र घराकडे परत जात नव्हती. ती गोठ्याच्या भिंतीवरून न्हाणीकडून लिंबाकडे जाणाऱ्या फिरोजच्या त्या हिरव्या तारेला नेऊन गुंडाळली होती.

“ही कुणी जोडली?”

“मामांनी. खांबावरचा न्यूट्रल, म्हंजी परतीची वायर, कच्चा हाय म्हनायचे. दिवा निसता मिनमिन करायचा. मंग एक वायर अर्थिंगला दिली तवा झ्याक लागला. हिकडं समदेच करतेत तसं.”

करतात, हे ऋतुजाला ठाऊक होतं. लाईट मंद झाली की अर्थिंगला वायर लाव, ही या भागातली जुनी युक्ती. गिझरमधून करंट उतरला तर तो जमिनीत जावा म्हणून फिरोजने टाकलेल्या तारेतून सुंदररावांनी रोजचा दिवा पेटवला होता. ईएलसीबी पडत होतं ते मुकाट्याने आपलं काम करत होतं म्हणून, आणि त्याच कामापायी ते उपटलं गेलं. तिला म्हाताऱ्याचा राग आला आणि लगेच कीवही आली. त्याने जे केलं ते करडांसाठी केलं होतं.

तरीही कोडं सुटत नव्हतं. तार पाइपला घट्ट जोडलेली असेल तर दिव्याचा करंट जमिनीत मुरतो. नळाला हात लावल्यावर फार तर मुंग्या येतील, त्याने माणूस मरत नाही.

“बबिता, त्या पहाटे तू इथंच होतीस?”

“व्हय. आले तर अंधार. दिवा इझलेला. वाटलं, दिवा उडला. करडं काकडून गेलती, मी चाचपडत त्येंच्यावर पोतं टाकत व्हते.” तिने करडाला मांडीवर सावरलं. “एक येडपटावानी गोष्ट हाय. सांगू का?”

“सांग.”

“इझलेला दिवा मधीच जरासा लाल झाला. आतली तार तेवढी. निखाऱ्यावानी. आन् परत इझला. मी म्हनलं, लाईट येतीया वाटतं. तेवढ्यात आत्याबाई वरडल्या.”

ऋतुजाने वर दिव्याकडे पाहिलं.

“नंतर दिवा बदललात?”

“न्हाई. त्योच हाय. मामांला दवाखान्यात नेलं आन् मी परत आले, तर लागलेला व्हता.”

करडाने बाटली रिकामी केली होती. बबिताने त्याचं तोंड पुसलं आणि खाली बघत ती आपणहून बोलली. “तुमाला कुनी सांगितलं असंल. ह्येंला मला नांदवायचं न्हाई. तेलगावला दुसरं घर बघितलंय. मामा आडवे पडले. म्हनले, ही सून न्हाई, लेक हाय माझी. हिला घराभाईर काढायच्या आधी मला काढा.”

ऋतुजा गोठ्याबाहेर पडली ती जवळजवळ पळतच लिंबाकडे गेली. खड्ड्यावरची माती भुसभुशीत होती. पाइपच्या तोंडाशी तार कसणारा बोल्ट होता. तो सगळा गंजलेला होता, फक्त त्याच्या नटच्या कडा पान्याने खरवडून चकचकीत झाल्या होत्या, आणि आट्यांमध्ये ओली माती अडकून वाळली होती. कुणीतरी हा नट ढिला केला होता. आणि नंतर घाईघाईने परत आवळला होता.

५

“मला काय बी समजलं न्हाई,” विठ्ठलराव म्हणाले.

दोघं बांधावर होती. ऋतुजा बोलता बोलता मागेपुढे चालत होती आणि हवालदारांची मान तिच्या मागे फिरत होती.

“पाण्याचा पाट समजा. दिव्यातून निघालेला करंट हिरव्या तारेत येतो आणि लिंबाखाली जमिनीत उतरतो. आता लिंबाखाली तार सोडवली. पाटाचं तोंड बंद झालं. मग पाणी कुठं जाईल?”

“तुंबंल.”

“हां. दिवा विझला, कारण करंटला पुढं वाट राहिली नाही. पण तो तारेत तुंबला. आणि त्या तारेचं दुसरं टोक गिझरला आहे. गिझरची टाकी, नळ, सगळ्यात उतरला. गिझरचं बटन बंद असलं तरी. ओल्या फरशीवर उघड्या पायाने उभं राहून जो नळ धरेल, त्याच्यातून करंटला वाट मिळणार. बटनाचा संबंधच नाही.”

विठ्ठलरावांनी मफलर सोडला. “म्हंजी कुनीतरी ठरवून केलं.”

“आणि नंतर सगळे न्हाणीकडे धावले तेव्हा तार परत जोडली. म्हणून दिवा पुन्हा लागला. म्हणून तुम्ही पंचनामा केला तेव्हा नळ निर्धोक होता. नाहीतर पंचनामा करणारे तुम्हीही गेला असतात.”

हवालदारांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. त्यांनी त्या दिवशी त्याच नळाखाली हात धुतले होते.

“हरिओम म्हनला, अंगद लिंबाखाली माती चिवडत व्हता. पन बाप हाय म्याडम. सोताच्या बापाला...”

“बापाला नाही,” ऋतुजा म्हणाली. “रोज पहिली अंघोळ कोणाची?”

विठ्ठलरावांची मान गोठ्याकडे, बबिताकडे वळली. तेवढ्यात हैदरची जीप फुफाट्यातून येऊन थांबली. त्याला ठाण्यात येऊन जबाब द्यायला सांगितलं होतं, पण फिरोजचा निकाल ऋतुजाच्या हातात आहे हे कळल्यावर तो सरळ इकडेच आला होता.

“मला काय जास्त म्हाईत न्हाई म्याडम. मी आबाला घ्यायलाच निघालतो. वाटंत अंगदचा फोन आला. म्हनला, लवकर ये, बबिताला करंट लागलाय. मी जीप पळवली. दारात येतो तर बबिताच उभी. माझी तर बोबडी वळली, मेलेलं मानूस उभं वाटलं.”

“आणि अंगद?”

“तिच्याकडंच बघत उभा व्हता. दगडावानी. आत बाप पडलाय हे त्याला ताराबाईंनी हलवून सांगितलं.”

“धरू का?” विठ्ठलराव हळूच म्हणाले.

“थांबा. पहिली अंघोळ रोज बबिताची, म्हणून ओरडा ऐकून तीच असेल असं वाटलं, एवढं म्हणून तो सुटेल. बाप गेला म्हणून मातीत बसलो म्हणेल. नटवर नाव लिहिलेलं नसतं.” ती दोन पावलं गेली, वळली, परत आली. “दिवा विझला की नळ मारतो, हे गुपित एकाच माणसाला ठाऊक आहे. ते त्याच्याच तोंडून काढायचं. तुम्ही गोठ्यात जा आणि होल्डरमधला दिवा काढून खिशात घाला.”

“मी? दिव्याला हात लावू?”

“लिंबाकडून येतानाच मेनचा फ्यूज काढून मी पर्समध्ये घातलाय. घरात थेंबभर करंट नाही. जा.”

६

संध्याकाळ व्हायला आली होती. फौजदारांचा फोन येऊन गेला होता आणि ऋतुजाने तो उचलला नव्हता. तिने सगळ्यांना न्हाणीच्या दारात बोलावलं. फिरोजलाही विठ्ठलरावांनी आणवलं होतं, त्याच्यामागे सायरा होती. अंगद त्याला बघून अंगावर जाणार होता, हरिओमने त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

“माझी तपासणी संपत आली,” ऋतुजा म्हणाली. “एकच पाहायचं आहे. गिझरचं बटन बंद आहे, सगळ्यांनी बघून घ्या. प्रत्येकाने आत जायचं, चप्पल काढून, नळ सोडायचा आणि बंद करायचा. कुणाला मुंग्या आल्या तर सांगायचं.”

ताराबाई पहिल्या गेल्या. जिथे नवरा पडला तिथे पाय ठेवताना त्या कचरल्या, पण नळ त्यांनी सोडला. हरिओम गेला, हात धुऊनच बाहेर आला. फिरोजने आत जाताना दारावरची स्वतःची ओळ वाचली, नळाला हात लावला आणि तो तसाच थोडा वेळ उभा राहिला. बबिता गेली आणि आली.

“अंगद, तुम्ही.”

अंगद दारापर्यंत आला. चप्पल काढली. न्हाणीच्या झरोक्यातून गोठा दिसत होता. त्याची नजर सवयीने तिकडे गेली आणि तिथेच अडकली. गोठ्यात अंधार होता.

“काय झालं?”

“कशाला हे नाटक?” तो म्हणाला. त्याने पाय मागे घेतला. “समद्यांनी बघितलं की.”

“सगळ्यांनी बघितलं म्हणूनच म्हणते. बटन बंद आहे. चार माणसं आत्ता नळ सोडून आली. तुम्हाला कसली भीती?”

“मी न्हाई जात.”

“आरं जा की,” ताराबाई म्हणाल्या. “मी गेले, तू कावून भेतोस?”

अंगदची नजर चुकून पुन्हा एकदा गोठ्याकडे गेली, आणि ते ऋतुजाला पुरेसं होतं.

“मावशी, तो नळाला भीत नाही. तो विझलेल्या दिव्याला भितोय,” ती म्हणाली. “चौघं जाऊन आल्यावर तार सुटली असेल असं त्याला वाटलं.” ती सगळ्यांकडे वळली. “आपल्यापैकी कुणीच दिव्याकडे पाहिलं नाही, कारण दिव्याचा आणि नळाचा काही संबंध असेल हे आपल्याला ठाऊकच नाही. फिरोजभाईंनासुद्धा नाही, कारण तो दिवा त्यांच्यामागे आबांनी जोडला. दिवा विझला म्हणजे लिंबाखालची तार सुटली, आणि तार सुटली म्हणजे नळ धरणारा मेला, हे फक्त ज्याने ती तार सोडवली त्यालाच माहीत. अंगद, तार जागेवर आहे. दिवा विठ्ठलरावांच्या खिशात आहे.”

विठ्ठलरावांनी खिशातून दिवा काढून दाखवला आणि ओट्यावर ठेवला. अंगद भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला.

“बोकडानं एकदा तार उपटली व्हती,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “मला नळाला झटका बसला, लांब फेकलो गेलो. गोठ्यात बघतो तर दिवा इझलेला. तार जोडली, दिवा लागला. तवा कळलं मला. कुनाला बोललो न्हाई. ही रोज बटन बंद करूनच आत जायाची. मिस्त्रीनं लिवलेलं देवाच्या शब्दावानी मानायची. बटनानं काय बी झालं नसतं.”

“आन् म्हनून तार सोडलीस,” ताराबाई म्हणाल्या.

“पहाटं अंधारात येऊन सोडली. आबा कपिलधारला जानार, हे मला कुनी सांगितलं नव्हतं. आये, मला कुनीच सांगितलं नव्हतं.”

ताराबाईंनी त्याला मारलं नाही, शिवीही दिली नाही. त्या उठून बबिताच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि सुनेचा हात त्यांनी घट्ट धरला. विठ्ठलराव अंगदला घेऊन गेले तेव्हा त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

७

ऋतुजाचं काम संपलं होतं. फिरोजवर ठपका नव्हता, हे तिने फौजदारांना फोनवर सांगितलं, आणि सायरा अंगणात बसून हुंदके देऊन रडली. फिरोजने मात्र लगेच पक्कड मागून घेतली. दिव्याची वायर हिरव्या तारेवरून सोडवून त्याने ती नीट घरातून ओढली, घरात पडून असलेलं ईएलसीबी परत बसवलं, ओट्यावरचा दिवा होल्डरमध्ये घातला आणि ऋतुजाकडचा फ्यूज लावला. गोठ्यात दिवा लागला, न्यूट्रल कच्चा म्हणून मंदच. तो म्हणाला की उद्या खांबाची तक्रार करून ते काम मी उभा राहून करून घेईन.

“गिझर काढून नेऊ का, ताई?” त्याने बबिताला विचारलं. “तुमाला नको वाटत असंल तर.”

बबिता ऋतुजाकडे आली. दिवसभर येरझारा घालणारी ऋतुजा आता पहिल्यांदाच ओट्यावर बसली होती.

“म्याडम, तुमाला समदं कळतंय. तो दिवा मधीच लाल कावून झालता?”

जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर द्यायला ऋतुजाची जीभ शिवशिवत असे. या एकाचं देऊ नये असं तिला वाटलं. आबांनी नळ धरला, तुंबलेल्या करंटला त्यांच्या अंगातून वाट मिळाली, आणि तेवढा वेळ दिव्याची तार तापली. हे त्या मुलीला कसं सांगायचं?

तिला सांगावं लागलं नाही.

“ते मामा व्हते ना?” बबिता म्हणाली.

“होय.”

बबिताने मान हलवली. तिने लिंबाकडे पाहिलं. “माझी पाळी व्हती,” ती म्हणाली. “मीच म्हनले, मामा, तुमी आधी घ्या.”

तुझा काही दोष नाही, हे वाक्य ऋतुजाच्या ओठांवर आलं, पण ते तिला फार हलकं वाटलं. ती उठली आणि बबिताच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मग बबिता न्हाणीकडे गेली. गिझरचं बटन तिने लावलं आणि दाराशी थांबली. पाणी तापेपर्यंत कुणीही तिथून हललं नाही. तिने बटन बंद केलं, लाल लाईट विझली. फिरोज टेस्टर घेऊन पुढे सरसावला, पण तिने हातानेच त्याला थांबवलं. चप्पल काढली, आत गेली आणि नळ धरला.

पाणी ऊन होतं. तिने हात त्याखाली तसाच ठेवला आणि मोठ्याने रडू लागली. बाहेर ताराबाईंनी चूल पेटवायला घेतली.